वळवाआधी मान वर, वळवानंतर नजर खाली: कोल्हापुरी परड्यातला उन्हाळा

कोल्हापुरात नव्यानं राहायला आलेल्याला कुणीतरी हमखास सांगतं, फुलं बघायची तर पावसाळा सरताना मसाई पठारावर जा. सल्ला खरा, पण अर्धाच. पठारावरचा तो गालिचा पावसावर जगतो. एप्रिलमध्ये तिथं गेलात तर वाळकं गवत आणि तापलेला जांभा दगड बघून परत याल. उन्हाळ्यातली फुलं असतात झाडांवर आणि झुडपांवर. जमिनीवरचं बहुतेक सगळं कंदात नाहीतर बियांत दडून बसलेलं असतं, आणि दमदार वळीव पडला की भराभर वर येतं. वळवाआधी मान वर करून बघायचं, वळवानंतर खाली. परड्यातले पक्षी, किडे, सरडे यांचा दिनक्रमही त्या एका सरीनं बदलतो.

परडं म्हणजे घरामागची मोकळी जागाच हवी असं नाही. बंगल्याभोवतीची चार फुटांची पट्टी, गच्ची, अपार्टमेंटची गॅलरी, काहीही चालेल. फक्त सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक घातलेले असतील तर कोपऱ्यातले पाच-सहा तरी उचकटून माती उघडी करा. सापसुरळी, गांडूळ आणि मातीत बीळ करून एकट्या राहणाऱ्या मधमाश्या यांना सिमेंटवर काही करता येत नाही.

पहिला आठवडा: नुसतं बसा

काही विकत आणण्याआधी सात दिवस एकाच जागी बसून बघा. मे महिन्यात इथं सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. सहा ते साडेआठ ही खरी वेळ, आणि संध्याकाळी साडेपाच ते सात. अकरा ते चार पक्षी सावलीत चोच उघडी ठेवून धापा टाकत बसतात. त्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून उष्णता अशी बाहेर टाकावी लागते. त्या वेळात झाडाखाली वावर करून त्यांना उठवू नका.

वहीत तीनच रकाने आखा: वेळ, कोण आलं, काय करत होतं. नाव कळलं नाही तर "शेपूट वर, काळा-पांढरा, चिमणीहून मोठा" एवढं लिहिलं तरी पुरतं. तिसरा रकाना मात्र चुकवू नका. चोचीत काडी धरून पक्षी एकाच दिशेला चार वेळा गेला, की तिकडं घरटं आहे. मग त्या झाडाची छाटणी महिनाभर पुढं ढकलायची. एका रकान्यानं वाचलेली घरटी बरीच असतात.

दुर्बीण लगेच घेऊ नका. घ्यायचीच झाली तर ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहा पट मोठं दाखवणारी नवख्याच्या हातात थरथरते आणि पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. आवाज ओळखायला मोबाइलवर मर्लिन आणि फोटोवरून झाड-किडा ओळखायला आयनॅचरलिस्ट, ही दोन्ही ॲप फुकट आहेत. ती चुकतातही, म्हणून नाव पक्कं करण्याआधी एकदा डोळ्यानं बघा. आणि घरट्याजवळ मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावू नका. नराला वाटतं दुसरा नर घुसला. तो पिल्लं सोडून तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो.

पाणी: सगळ्यात जास्त मिळवून देणारं काम

दाण्यापेक्षा पाण्याला जास्त पक्षी येतात, कारण बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला हे दाणे टिपायला येतच नाहीत. पाण्याला सगळे येतात.

भांडं म्हणजे मातीचं पसरट परळ, बारा ते सोळा इंच रुंद. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला मिळेल. आतून झिलई नसलेलंच घ्या. बिनझिलईची भाजलेली माती पाझरते, त्यामुळं पाणी गार राहतं आणि पायाला पकडही मिळते. स्टीलची परात दुपारी चटका देते, प्लास्टिकचा टब निसरडा असतो. नवं परळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिले दोन दिवस सगळं पाणी तेच पिऊन टाकतं.

पाणी एक ते दोन इंच, त्याहून जास्त नको. खोल पाण्यात लहान पक्षी उतरत नाहीत, उतरले तर बुडतात. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, त्याचं डोकं पाण्याबाहेर हवं. मुंग्या, मधमाश्या, सरडे त्यावरून बाहेर पडतात. बादली किंवा उघडा हौद असेल तर त्यातही काठाला टेकलेली एक फळी तिरकी सोडा. खारीची पिल्लं अशा हौदांतच मरतात.

जागा सावलीची, पण झुडपाला अगदी चिकटून नको. झुडपापासून सहा-सात फूट दूर ठेवलं तर दबा धरून बसलेल्या मांजराला झेप जमत नाही आणि पक्ष्याला मात्र क्षणात फांदी गाठता येते. मांजरांचा फारच सुळसुळाट असेल तर परळ तीन-चार फूट उंच खांबावर ठेवा. गॅलरीत असाल तर कठड्यावर नुसतं ठेवू नका; वळवाच्या वाऱ्यानं खाली कुणाच्या तरी डोक्यात जाईल. तारेनं नीट बांधा.

रोज सकाळी जुनं पाणी झाडाच्या बुंध्यात ओतायचं आणि नवं भरायचं. दर तिसऱ्या दिवशी नारळाच्या शेंडीनं घासायचं, साबण न लावता. आळस केला तर दोन गोष्टी होतात. हिरवं शेवाळ धरून पक्ष्यांत रोग पसरतो. शिवाय डासाची अंडी ते डास हा प्रवास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरा होतो, मग शेजारी तुमच्या पक्षीप्रेमाला शिव्या घालतात आणि त्यांचं चुकत नाही. रोज पाणी बदललं की अळ्या वाढायला वेळच मिळत नाही.

मधमाश्यांसाठी वेगळी बशी करा: कुंडीखालच्या ताटलीत बारीक खडी किंवा काथ्या भरून ओला ठेवायचा. त्यांना पाण्याचा साठा नको असतो, ओल हवी असते. फुलपाखरांसाठी जमिनीवर वीतभर खळगा करून त्यात माती, चिमूटभर मीठ आणि थोडं शेण कालवून चिखल ठेवा. नर फुलपाखरं त्यातले क्षार शोषायला बसतात. साखरपाणी कुणालाच देऊ नका. ते उन्हात लवकर आंबतं आणि मुंगळे गोळा होतात.

खाऊ घालण्याचा मोह आवरा. उन्हाळ्यात उंबर, वड, करवंद, तुती, पेरू यांवर पक्ष्यांचं भागतं. फारच वाटलं तर मूठभर राळा नाहीतर बाजरी सकाळी टाकावी आणि उरलेली संध्याकाळी झाडून घ्यावी. जास्त पिकलेलं केळं किंवा पपईची फोड फांदीच्या खुंटीला टोचली तर बुलबुल आणि तांबट येतात. शिळा भात, ब्रेड, शेव-चिवडा नको. मीठ लहान पक्ष्यांना झेपत नाही, आणि भाताला पारवे, कावळे नि रात्री उंदीर येतात. उंदरांमागून कोण येतं ते खाली लिहिलंय.

झाडू कोपऱ्यात ठेवा

पानगळीचा ढीग पेटवणं हे इथल्या उन्हाळ्यातलं सगळ्यात वाईट काम. त्या पानांत सापसुरळी, गोगलगाय, कोळी, पतंगांचे कोष असतात, आणि सातभाईंची टोळी दिवसभर तीच पानं उलटीपालटी करत पोट भरते. अंगण झाडायचं तर झाडा, पण पाला कुंपणाच्या कडेला ओढून ठेवा.

झाडांच्या बुंध्यात आच्छादन हवं. यासाठी कोल्हापूरकरांइतकं नशीबवान कुणी नाही: उसाचं पाचट. एखाद्या शेतकऱ्याकडून दोन भारे मागून आणा. तीन-चार इंचांचा थर द्या, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. थर खोडाला चिकटला की बुंधा कुजतो किंवा वाळवी चढते. ही चूक सगळे एकदा करतातच. पाचटाखाली माती ओलसर राहते, म्हणून रोजचं पाणी दोन-तीन दिवसांआड आलं तरी चालतं. दयाळ त्यातच किडे शोधायला येईल. जवळपास शेगडी किंवा कचरा पेटवू नका. पाचट क्षणात धडधडतं.

शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी घरावर पडण्यासारखी नसेल तर राहू द्या. तांबट तिच्यातच ढोली कोरतो. पुढं ती ढोली दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते.

कोण येतं, कसं ओळखायचं

तांबट दिसण्याआधी ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा "टुक्, टुक्, टुक्" आवाज भर दुपारीही चालू असतो. अंग हिरवं, कपाळ आणि छातीवर लाल ठिपका. शेंड्याच्या निष्पर्ण काडीवर शोधा.

कोकीळ ओरडतो तो नर: काळा कुळकुळीत, डोळे लालभडक. मादी तपकिरी आणि ठिपकेदार, तिला बरेच जण वेगळाच पक्षी समजतात. अंडी कावळ्याच्या घरट्यात. म्हणजे कावळ्याचं घरटं पाडलं तर कोकिळेचाही संसार मोडतो.

दयाळ काळा-पांढरा, शेपूट उभी. पहाटे तारेवर बसून शीळ घालतो, उन्हाळाभर. शिंपी जेमतेम अंगठ्याएवढा, आवाज मात्र कर्कश "टुविट टुविट". कर्दळीची किंवा जास्वंदीची रुंद पानं कापसानं शिवून घरटं करतो. शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, लोंबतं घरटं बांधतो, कधी बोगनवेलीला तर कधी कपडे वाळत घालायच्या तारेला. तार तेवढी महिनाभर सोडून द्या. मेच्या अखेरीस "पेरते व्हा, पेरते व्हा" असा चढत जाणारा आवाज ऐकू आला तर तो पावशा.

बुलबुल गाडीच्या आरशाशी भांडतो, शिंजीरही. वेडा झालेला नाही. विणीच्या दिवसांत आपलंच प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटतं. आरशावर जुना मोजा चढवा, थांबतो.

एप्रिल-मेमध्ये भिंतीवर डोकं-गळा लालभडक झालेला सरडा जोर काढताना दिसेल. तो माणसाला विषारी नाही, आपल्याकडचा कोणताच सरडा नाही. पाल आणि सापसुरळीसुद्धा नाही. नराचा तो विणीचा रंग, मादीला दाखवायचा आणि दुसऱ्या नराला धमकवायचा.

बुलबुलाचं घरटं बहुतेक हाताला येईल एवढ्या उंचीवर असतं. अंडी दोन-तीन. उबवायला साधारण दोन आठवडे, पुढं अकरा-बारा दिवसांत पिल्लं बाहेर. हा महिना त्या बाजूला फोटोसाठी फांद्या बाजूला सारू नका. तुम्ही उघडं केलेलं घरटं कावळा आणि भारद्वाज दोघंही हेरतात. जमिनीवर पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू सापडलं तर ते बहुधा हरवलेलं नसतंच. उडायला शिकतंय, आई-बाप जवळच ओरडत असतात. मांजर दूर ठेवा, पिल्लाला जवळच्या झुडपाच्या फांदीवर ठेवा आणि आत निघून जा. पूर्ण उघडं, पिसं नसलेलं असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते ही समजूत खोटी आहे. घरी पिंजऱ्यात वाढवू नका; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोपट-बुलबुल पाळणं गुन्हा आहे. जखमी प्राणी असेल तर वन विभागाची मदतवाहिनी १९२६.

कढीपत्त्यावरची "पक्ष्याची विष्ठा"

नवख्यानं फुलपाखरू बघायला सुरुवात इथूनच करावी. कढीपत्ता, लिंबू किंवा बेल यांच्या कोवळ्या पानावर काळी-पांढरी, पक्ष्याच्या शिटीसारखी अळी दिसेल. तिचं सोंगच ते आहे. मोठी झाली की हिरवी होते. काडीनं हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत उन्हाळ्यात तीन-चार आठवडे लागतात.

अडचण एकच: कुंडीतलं लहान रोप चार अळ्यांत बोडकं होतं. औषध मारू नका, अळ्या पानासकट लिंबू-कढीपत्त्याच्याच मोठ्या झाडावर हलवा. दुसऱ्या कुळातल्या झाडावर टाकल्या तर उपाशी मरतात. रुईवरची पट्टेरी अळी लिंबावर जगत नाही, लिंबावरची रुईवर नाही. कोष बरणीत बंद करून ठेवू नका. बाहेर पडलेल्या फुलपाखराला पंख लोंबते ठेवून वाळवायला जागा लागते, ती मिळाली नाही तर पंख कायमचे चुरगळलेले राहतात. कढीपत्त्यावरच्या या अळीच्या कुळातलं मोठं काळं-निळं फुलपाखरू, नीलवंत, हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. लिंबूवर्गीय झाड असलेल्या परड्यात तेही येतं.

साप

दगड-विटांचा ढीग, लाकडं, जुने पत्रे घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ढीग हवाच, पण परड्याच्या टोकाला. रात्री टॉर्चशिवाय अनवाणी फिरू नका, आणि ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवा. परड्यात दिसणारा लांब, चपळ साप पुष्कळदा धामण असतो, बिनविषारी आणि उंदीर खाणारा. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आपल्याकडं आहेत, म्हणून ओळख पटल्याच्या भरवशावर हात लावू नका. दहा फूट दूर उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर घट्ट आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीच नको. हात किंवा पाय हलवू न देता थेट सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

फुलं: आधी वर

शहरातल्या शहरात शिवाजी विद्यापीठाचा परिसर आणि कळंबा तलावाचा काठ यांवर भागतं. पुढं पन्हाळा-जोतिबाची चढण, आणि वेळ असेल तर राधानगरी किंवा गगनबावड्याचा रस्ता. चैत्र पौर्णिमेच्या आठवड्यात जोतिबाच्या वाटेला फुलं बघायला जाऊ नका. त्या दिवसांत तिथं एकच रंग, गुलालाचा.

पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चचे. फुलं असताना झाडावर पान नसतं, त्यामुळं मधाला आलेले पक्षी मोजायला ही सोपी झाडं. पळसाखाली सकाळी अर्धा तास बसलात तर साळुंकी, बुलबुल, शिंजीर, कावळा, खार, सगळे चोचीला-तोंडाला पिवळे परागकण माखून जाताना दिसतील.

मार्च-एप्रिलमध्ये घाटाकडं अंजनी बघा. झुडूपवजा झाड, पानं जाड, आणि जुन्या काड्यांना बिलगलेले जांभळट निळ्या फुलांचे झुपके. लांबून कुणीतरी निळा रंग उडवल्यासारखं दिसतं. करवंदीची पांढरी सुवासिक फुलं त्याच दिवसांत संपत येतात आणि मेमध्ये जाळ्या काळ्या होतात. धायटीची लाल नळीसारखी फुलं उतारांवर. शिंजीर शोधायचा तर तिथं.

एप्रिल-मे बहाव्याचा. पिवळे घोस हात-हातभर लोंबतात. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असं म्हणतात. पंचांगासारखा भरवसा ठेवू नका. बहाव्याच्या फुलावर मोठे काळे भुंगे येतात, त्यांना हुसकू नका. पाठोपाठ तामण: जांभळा, चुण्या पडलेल्या पाकळ्यांचा, महाराष्ट्राचं राज्यपुष्प. करंजाखाली फुलांचा सडा पडतो, कुड्याची पांढरी फुलं संध्याकाळी वासानं कळतात. गुलमोहर मात्र मादागास्करचा पाहुणा. शोभा मोठी, पण आपल्या किड्यांना त्याचा उपयोग बेताचा. घाणेरीचंही तसंच: फुलपाखरं तिच्यावर येतात म्हणून लोक हौसेनं लावतात आणि ती पुढं डोंगर गिळते. लावू नका.

वळवाआधी जमिनीवर अगदीच काही नसतं असं नाही. कडेच्या बरड जागेत भुईरिंगणीची जांभळ्या फुलांची, काटेरी रोपटी असतात आणि दगडीपाल्याची बटणाएवढी पिवळी-पांढरी फुलं जवळजवळ बारमाही. मेमध्ये इतर फुलं आटतात तेव्हा बारक्या माश्या त्यांच्यावरच जगतात, म्हणून गॅलरीतल्या कुंडीत उगवलेला दगडीपाला तण म्हणून उपटू नका. डोंगरउतारावर रानकांद्याचा बिनपानी दांडा उभा राहतो, फुलं दिवस कलल्यावर उमलतात.

वळीव पडल्यावर

पहिल्या सरीनंतरच्या संध्याकाळी बाहेरचे दिवे बंद करा. वाळवीची पंखवाली पाखरं लाखांनी बाहेर पडतात आणि दिव्यापाशी पंख झडून मरतात. अंधार असेल तर ती जमिनीवर उतरतात आणि सकाळी कावळे, साळुंक्या, सरडे यांची मेजवानी होते. पतंग मुद्दाम बघायचे असतील तर दोरीवर पांढरी चादर टांगून तिच्यापुढं एक दिवा लावा, तासाभरानं बंद करा, आणि पहाटेच्या आत चादर झटकून काढून ठेवा. सकाळपर्यंत राहिली तर बुलबुल येऊन सगळे पतंग वेचून खातात.

चार-आठ दिवसांनी खाली बघायला निघा. झाडीतल्या सावलीत भुईचाफ्याची जांभळट पांढरी फुलं पानाशिवाय थेट मातीतून वर आलेली असतात. पाय ठेवण्याआधी बघा. फांद्यांवर सीतेची वेणी ही आमरी (ऑर्किड) मे-जूनमध्ये लोंबते, गुलाबी-पांढऱ्या फुलांचे तुरे खरंच वेणीसारखे. ती तोडून घरी आणून झाडाला बांधली तरी सहसा तगत नाही. तिच्या मुळांना लागणारी बुरशी आणि घाटातली ओल बरोबर येत नाही. कंदांचंही तेच. फोटो काढा, माती हलवू नका. मेच्या अखेरीपासून पाऊस जोरात लागेपर्यंत राधानगरीकडं काजवे असतात. गाडीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवला तरच ते दिसतात, कारण मादीला नराची लुकलुक दिसावी लागते आणि तुमच्या दिव्यात ती विरते.

मृगासाठी तयारी

मेमध्ये रोपं लावू नका, उन्हानं जातात. बी मात्र आताच गोळा करा. बहाव्याच्या हातभर काळ्या शेंगा झाडाखाली पडलेल्या मिळतात. फोडून बिया काढा, चिकट गर धुऊन टाका. बीचं कवच इतकं कडक असतं की तसंच पेरलं तर वर्षभर पडून राहील. एक कड पॉलिश पेपरवर आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासा, मग चोवीस तास साध्या पाण्यात भिजवा. फुगलेल्या बियाच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू अशा मिश्रणात पिशवी भरून बी अर्धा इंच खोल. पिशवीच्या बुडाला भोकं पाडायला विसरू नका, नाहीतर वळवाचं पाणी साचून बी कुजतं. एक ते तीन आठवड्यांत कोंब येतो. पहिलं वर्ष रोप पिशवीतच वाढू द्या आणि पुढच्या मृगाला, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, भिंतीपासून दहा फूट दूर लावा.